संस्काराचे ऋण : ‘अमृतानुभव’ आणि कृष्णमूर्ती

मराठी घरात ‘संस्कार’ हा शब्द दूषण म्हणून कधी उच्चारला जात नाही. मुलाने दिवेलागणीला शुभंकरोति म्हटले, पानात अन्न टाकले नाही, आल्यागेल्याची विचारपूस केली की ‘घरचे संस्कार आहेत’ असे कौतुकाने म्हटले जाते. एखाद्याचे वागणे खटकले तर दोष संस्कारांना न देता त्यांच्या अभावाला दिला जातो. जन्मापूर्वीपासून मृत्यूनंतरपर्यंतचे आयुष्य सोळा संस्कारांत बांधणाऱ्या परंपरेत हे स्वाभाविकच आहे. आणि नेमका हाच शब्द जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचे मराठीत विवेचन होते तेव्हा मनाच्या बंधनाचे नाव म्हणून समोर येतो. इंग्रजीत ज्याला ‘कंडिशनिंग’ म्हणतात त्याला आपण ‘संस्कारबद्धता’ म्हणतो, आणि मग ‘मन संस्कारांपासून मुक्त झाले पाहिजे’ असे वाक्य तयार होते. एका वाचकाला ते पाखंड वाटते, दुसऱ्याला ती सुटकेची सनद वाटते. दोघेही बहुधा एका शब्दाच्या दुहेरी अर्थामुळे फसलेले असतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी मुलाला मराठी बाजारातून मिळत नाही, आणि शाळेतून मिळण्याचे दिवसही बव्हंशी सरले आहेत. ती मिळते ती घरच्या वळणातून, म्हणजे संस्कारातूनच. तेव्हा मनाच्या मुक्तीसाठी संस्कार टाकायचे ठरले तर आपल्या हाती उरते काय? आणि टाकायचे नाहीत म्हटले, तर आत्मज्ञानाच्या ज्या गोष्टी आपण इतक्या आदराने वाचतो त्या केवळ पारायणापुरत्याच का? या प्रश्नाचा विचार करताना कृष्णमूर्तींच्या प्रतिपादनाशेजारी ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ ठेवून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोघांचे सांगणे एकच आहे हे सिद्ध करण्याचा मात्र हेतू नाही. ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे आपल्या अध्यात्मचर्चेतील सर्वांत आळशी वाक्य आहे.

आधी शब्दाकडे पाहू. दर्शनग्रंथांत ‘संस्कार’ हा शब्द मुळात स्तुतीचाही नाही आणि निंदेचाही नाही. वैशेषिकांनी संस्कार हा गुण मानून त्याचे तीन प्रकार सांगितले : सुटलेल्या बाणाला पुढे नेणारा वेग, वाकवलेली फांदी पूर्ववत करणारा स्थितिस्थापक, आणि अनुभवातून उरून स्मृतीला कारण होणारी भावना. तिन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे घडून गेलेल्या क्रियेचे मागे उरलेले बळ. वाढवणे किंवा जखडणे हा त्या बळाचा स्वभाव नाही. ते आहे त्या दिशेने ढकलत राहते, एवढेच. पतंजलीने तर समाधिपादाच्या शेवटच्या दोन सूत्रांत फार सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. ऋतंभरा प्रज्ञेतून उपजणारा संस्कार इतर संस्कारांना अडवतो. आणि पुढे तोही निरुद्ध झाल्यावरच निर्बीज समाधी. म्हणजे चांगला संस्कार वाईटाला आवरतो हे मान्य, परंतु जो आवरतो तोही शेवटी संस्कारच. पहारेकऱ्यामुळे चोर घरात शिरत नाही, म्हणून पहारेकरी काही घरधनी होत नाही. आपल्या घरगुती बोलण्यात या विचाराचा पहिला अर्धा भाग उरला आणि दुसरा गळाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘कंडिशनिंग’ या संज्ञेचे कूळ वेगळे आहे. ती मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आली. पावलॉव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्नाच्या नुसत्या चाहुलीनेच लाळ सुटू लागली, त्या निरीक्षणातून. तिच्यात संस्करण, परिष्करण, पात्रता यांचा मागमूस नाही. कृष्णमूर्तींनी ती संज्ञा प्रयोगशाळेच्या बाहेर काढून माणसाच्या सबंध मनाला लावली. राष्ट्र, धर्म, जात, भाषा, कुटुंब, शिक्षण, आणि ‘मी मुक्त होणार’ ही महत्त्वाकांक्षासुद्धा, हे सारे मनाला ठराविक प्रतिसादांची सवय लावते, असे त्यांचे निदान होते.

हे निदान त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर आधी लावून पाहिले, हे त्यांचे खरे मोठेपण. १८९५ मध्ये मदनपल्ली येथे जन्मलेल्या या मुलाला १९०९ मध्ये थिऑसॉफिस्टांनी अड्यारला हेरले, भावी जगद्गुरू म्हणून वाढवले, आणि १९११ मध्ये त्याच्याभोवती एक संघटना उभी केली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, अॅनी बेझंट आणि सुमारे तीन हजार सभासद यांच्यासमोर, त्यांनी ती संघटना विसर्जित केली. सत्याकडे बांधीव वाट जात नाही आणि म्हणून त्या वाटेची संघटनाही असू शकत नाही, हा त्या भाषणाचा आशय. गादी नाकारणारे पुष्कळ असतात. परंतु आपल्यासाठी जन्मभराची तयारी करून मांडून ठेवलेली गादी, ती मांडणाऱ्या मातृतुल्य स्त्रीसमक्ष उचलून ठेवणे हे सामान्य धैर्य नव्हे.

त्यांच्या प्रतिपादनाचे बळ दोन जागी आहे. पहिली जागा प्रामाण्याची. ग्रंथ सांगतो, गुरू सांगतो, म्हणून मानले, तर आपल्याला कळले काहीच नाही. एका सवयीच्या जागी दुसरी आली. दुसरी जागा निरीक्षणाची. राग आला असता ‘मी’ आणि ‘माझा राग’ असे दोन करून एकाने दुसऱ्याला आवरायचे, हा खेळच मुळी संस्कारांचा आहे. पाहणारा आणि पाहिला जाणारा वेगळे नाहीत हे दिसले म्हणजे झगडा संपतो, असे ते सांगत. भय, तुलना, मत्सर, एकटेपण यांविषयी ते ज्या बारकाईने बोलले तितक्या बारकाईने आपल्या परंपरेतील फार थोडे ग्रंथ बोलतात, कारण आपले ग्रंथ षड्रिपूंची नावे घेऊन पुढे जातात.

तथापि त्यांच्या वाचकांकडून एक गोष्ट हमखास निसटते. व्यवहाराला लागणारी स्मृती, म्हणजे भाषा, कौशल्य, घरचा रस्ता, ही कृष्णमूर्तींनी कधी त्याज्य मानली नाही. त्यांचा आक्षेप होता तो स्मृतीतून घडवलेल्या ‘मी’ला. हा भेद सुटला की त्यांच्या नावावर विस्मरणाचा पुरस्कार होऊ लागतो : मूळ नको, भाषा नको, रीत नको, म्हणजे माणूस मोकळा! स्वतः कृष्णमूर्तींची मातृभाषा तेलुगू. परदेशी वाढल्यावर ते ती विसरून गेले आणि पुढील सारे आयुष्य इंग्रजीत बोलले. या गोष्टीचा दोष त्यांना देता येत नाही. पण तिचा परिणाम त्यांच्या शब्दांवर झाला आहे, एवढे टीकाकाराने नोंदवले पाहिजे. त्यांच्या गद्यात झाडे, नद्या, संध्याकाळचे आकाश यांची वर्णने नितांतसुंदर आहेत. परंतु म्हणी, ओव्या, घरातले बोलणे यांचा त्यात लवलेश नाही. परंपरा त्यांना बाहेरून दिसते, आणि म्हणून ती बहुतेक वेळा केवळ ओझे म्हणूनच दिसते. परंपरेच्या आत बसून परंपरेचे प्रामाण्य सोडता येते का, या प्रश्नासाठी दुसरीकडे जावे लागते.

ते ‘दुसरीकडे’ आपल्या घरातच आहे. ‘ज्ञानेश्वरी’ ही टीका. ‘अमृतानुभव’ कोणत्याही ग्रंथाची टीका नव्हे. परंपरा अशी सांगते की निवृत्तिनाथांनीच स्वतंत्र ग्रंथ करण्याची आज्ञा केली. म्हणजे गुरूने शिष्याला आधाराची काठी टाकायला सांगितली. दहा प्रकरणांच्या या ग्रंथात ज्ञानदेव शब्दाचे खंडन करतात, अज्ञानाचे करतात, आणि तेथे न थांबता आठव्या प्रकरणात ज्ञानाचेही करतात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. अज्ञान म्हणून काही वस्तू असती तर तिचा नाश करणाऱ्या ज्ञानाला अर्थ होता. ती नाहीच, तर तिच्या विरोधावर उभे असलेले ज्ञान कशाच्या आधारावर टिकणार? शब्द हा विसरलेल्याला आठवण देणारा, म्हणून उपकारक. पण जे स्वतःला कधी विसरलेच नाही त्याला आठवण कोण देणार? मुक्तीचा शोध घेणाऱ्याने घट्ट धरलेली एकेक वस्तू ज्ञानदेव अशी हळुवार सोडवून घेतात.

प्रामाण्याच्या दृष्टीने या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ तिसऱ्या प्रकरणात आहे. ज्ञान हेही बंधनच, हे सांगताना ज्ञानदेव शिवसूत्रांचा दाखला देतात. सत्त्वगुण ज्ञानाच्या दोरीने बांधतो, हे गीतेतील श्रीकृष्णाचे म्हणणेही सांगतात. शैव आणि वैष्णव अशा दोन्ही बाजूंचे सर्वोच्च साक्षीदार उभे केले. एखाद्या शास्त्र्याने येथे समाधानाने पोथी मिटली असती. ज्ञानदेव मात्र पुढे सांगतात की, शिव बोलला किंवा विष्णू बोलला एवढ्यासाठी आम्ही हे मानतो असे नाही. ते बोलले नसते तरी हे असेच आढळले असते. तेराव्या शतकाच्या अखेरीस, मराठीत, नाथपंथाची दीक्षा घेतलेल्या आणि गुरुभक्तीत आकंठ बुडालेल्या एका तरुणाने हे लिहिले आहे. ओमेनच्या भाषणातील गाभा त्याच्या सहाशेहून अधिक वर्षे आधी आपल्या भाषेत येऊन गेला, असे म्हणून येथे छाती फुगवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ती फुगलेली छाती म्हणजे पुन्हा ‘ज्ञानदेव बोलले म्हणून’.

फरक कोठे आहे ते पाहणे अधिक उपयोगाचे. कृष्णमूर्ती प्रामाण्य सोडताना गुरूलाही सोडतात. ज्ञानदेव प्रामाण्य सोडतात आणि दुसऱ्या प्रकरणात गुरूची अशी स्तुती करतात, की स्तुती करता करता गुरू आणि शिष्य हे दोन शब्द एकाच अर्थाचे ठरतात; नमस्कार करायला निघावे तर करणारा आणि घेणारा वेगळे सापडत नाहीत. म्हणजे नाते मोडायचे नाही, नात्यातील दुजेपण विरघळवायचे. आणि तिसऱ्या प्रकरणाचे परंपरेने चालत आलेले नावच ‘वाचाऋणपरिहार’ असे आहे. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाचांनी जीवाला जागे केले, हे त्यांचे ऋण. जागे झाल्यावर त्या ऋणातूनही मोकळे व्हायचे आहे. ‘ऋण’ ही कल्पना ‘कंडिशनिंग’ या संज्ञेत बसूच शकत नाही. बेडी तोडायची असते, सवय मोडायची असते. ऋण मात्र फेडायचे असते. ज्याने ऋण नाकारले तो मुक्त होत नाही, तो बुडवणारा ठरतो. आणि ज्याने ते जन्मभर नुसते मिरवले तोही त्यातून सुटत नाही.

इतके झाल्यावर ‘अमृतानुभवा’विषयी एक शंका मांडणे प्रामाणिकपणाचे होईल. ग्रंथातील विचार मायावादी की चिद्विलासवादी याची मोठी चर्चा शं. दा. पेंडसे, भा. पं. बहिरट आदी अभ्यासकांनी केली. तो वाद येथे नको. शंका वेगळी आहे. अज्ञान मुळात नाहीच असे म्हटल्यावर, जे ‘नाही’ ते माणसांना इतके छळते कसे याचे उत्तर या ग्रंथात मिळत नाही. ग्रंथ शिखरावरून बोलतो. पायथ्याशी संस्कार जातीच्या, स्त्रीत्वाच्या, अन्नपाण्याच्या रूपाने प्रत्यक्ष हाडामांसाला बांधत असतात. ज्ञानदेवांच्या भावंडांनी संन्याशाची मुले म्हणून ते भोगले होते. पण त्याचा उच्चार या ग्रंथात नाही. बांधणारा संस्कार आणि सुटू पाहणारे मन यांचे झोंबणे पाहायचे तर सतराव्या शतकातील बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांकडे वळावे लागते. वेदपाठी ब्राह्मणाची ही बायको शूद्र तुकोबांना गुरू मानते. नवरा मारतो, बांधून घालतो. आणि ती एकीकडे तुकोबांचा ध्यास सोडत नाही, तर दुसरीकडे पातिव्रत्याचा धर्मही सोडत नाही. आजच्या वाचकाला हे अर्धवट वाटते. परंतु आपल्या मनात दोन संस्कार एकमेकांशी झगडत आहेत आणि आपण त्या झगड्याच्या मधोमध उभ्या आहोत, हे तिने ज्या उघडेपणाने सांगितले तो उघडेपणा हेच तिचे आत्मज्ञान. कृष्णमूर्ती ज्याला निवड न करता पाहणे म्हणत त्याच्या ती पुष्कळ जवळ आहे, आणि तरी तिच्या प्रत्येक शब्दाला घराचा, गाईवासराचा, चुलीचा वास आहे.

चुलीवरून एक घटना आठवते, आणि ती बृहन्महाराष्ट्रातल्याच एका गावाची आहे. कृष्णमूर्तींच्याच वर्षी, १८९५ मध्ये, कोकणातील गागोदे येथे जन्मलेले विनायक नरहर भावे लहानपणी बडोद्यास आले आणि तेथेच शिकले. १९१६ मध्ये घर सोडण्यापूर्वी त्यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली. पुढे कधी लागली तर, असे आईने म्हणून पाहिले. पण त्यांनी ऐकले नाही. प्रतिष्ठा, नोकरी, पदवी यांकडे ओढणारा जो वेग त्या काळच्या प्रत्येक पांढरपेशा मराठी मुलात भरला जात होता, तो त्यांनी जाणीवपूर्वक जाळला. परंतु त्याच आईने कधीतरी सांगितले होते की संस्कृत गीता कळत नाही, मराठीत सोपी करून दे. आई १९१८ मध्ये गेली. मुलाने ‘गीताई’ रचली ती १९३०-३१ मध्ये, आणि ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. नावातच आई आहे. एकाच स्वयंपाकघरातील दोन संस्कारांपैकी एक अग्नीत गेला आणि दुसऱ्याचे ऋण चौदा वर्षांनी फेडले गेले. कोणता टाकायचा आणि कोणता फेडायचा, हे विनोबांना कोणत्याही पोथीने सांगितले नव्हते. ते त्यांना पाहून कळले. विवेक म्हणतात तो हाच.

विनोबांच्या भूदान पदयात्रेत वर्षानुवर्षे चाललेल्या विमलाताई ठकार पुढे कृष्णमूर्तींच्या सहवासाने अंतर्बाह्य बदलल्या आणि चळवळीतून बाहेर पडल्या. मराठी घरात वाढलेल्या या विदुषीचे उत्तरायुष्य अबूच्या पहाडावर गेले आणि २००९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. कृष्णमूर्तींकडे वळल्यावर त्यांनी ना संतवाङ्मयाचा जिव्हाळा टाकला, ना समाजाविषयीची कळकळ. त्यांच्या उदाहरणाने एवढे तरी दिसते की ओमेन आणि आळंदी यांच्यात एकाची निवड करण्याची सक्ती नाही. मात्र दोन्हीकडे डोळे उघडे ठेवून जावे लागते.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. आपल्या संस्थांची वार्षिक संमेलने, गणेशोत्सव, कोजागरी, पाठांतराच्या स्पर्धा यांमागे एक भय असते : हे थांबले तर आपण उरणार नाही. ते भय खोटे नाही; पण भयाने जपलेली वस्तू भयाचाच वारसा पुढे देते. मुलाला मनाचे श्लोक पाठ करवून घेतले आणि त्यातल्या एकाही श्लोकाचा स्वतःच्या मनाशी काही संबंध आहे हे त्याला कधी दाखवले नाही, तर आपण त्याच्यात केवळ वेग भरला. बाण सुटला, थोडे अंतर गेला, आणि पडला. तिसऱ्या पिढीतील मुले मराठी सोडतात याचे खापर आपण इंग्रजी शाळांवर आणि शेजारच्या भाषांवर फोडतो. ते काही अंशी खरेही असेल. पण मराठीत स्वतःविषयी काही शोधता येते, आपला राग, आपले खोटेपण, आपले भय याच भाषेत निरखता येते, ही गोष्ट त्या मुलांच्या कानावर कधी गेली का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. भाषा केवळ ओळखपत्र म्हणून दिली, तर दुसरे अधिक उपयोगी ओळखपत्र मिळताच मूल पहिले टाकणार. त्यात त्याचा दोष नाही.

उलट कृष्णमूर्ती वाचून ज्यांनी घरचे सारे वळण निरर्थक ठरवले त्यांनाही विचारावे लागेल की त्या जागी काय आले? बहुतेक ठिकाणी कृष्णमूर्तींची पुस्तके, कृष्णमूर्तींचे शब्द आणि ‘आम्हाला कळले’ हा भाव आला. म्हणजे बाण तोच, दिशा तेवढी बदललेली.

‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात जीवन्मुक्ताच्या स्थितीचे वर्णन आहे. तेथे ज्ञानदेव एक दृष्टांत देतात. एकच डोंगर कोरून त्यातून देऊळ, देव आणि देवाचा परिवार घडवता येतो. तसाच भक्तीचा व्यवहार अद्वैतातही का होऊ नये, असे ते विचारतात. वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे देव बाहेरून आणून बसवलेला नाही आणि गाभाराही वेगळ्या दगडाचा नाही. मुक्तीनंतरही पूजा राहते, नाते राहते, बोलणे राहते; फक्त ते दुसऱ्या कशावर तरी टेकलेले राहत नाही. संस्कारांविषयी याहून समंजस भूमिका प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. मात्र एक गोष्ट विसरू नये. डोंगराचे देऊळ नुसत्या नमस्काराने होत नाही. त्यासाठी जे देऊळ नाही तो दगड काढून टाकावा लागतो. कोणता काढावा हे प्रत्येकाने स्वतः छिन्नी हातात घेऊन पाहायचे आहे. आणि ती छिन्नी आपल्याला मराठीत सापडली, तर वाचेचे ऋण फिटण्यास आरंभ झाला असे समजावे.